भालचंद्रच्या धोक्याच्या ओळी

बातमी आली तेव्हा माझी फक्त डावीकडची मिशी चिकटली होती. आमच्या हौशी नाटकमंडळाची रंगीत तालीम होती, बोईसरच्या एका शाळेच्या सभागृहात, आणि मी नेहमीप्रमाणे राजा. कारखान्यात मी मेंटेनन्सचा फोरमन आणि रंगमंचावर राजा, गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय. आवाज मोठा आहे, दुसरं काही कारण नाही. फोनवर सुनंदावहिनींचं नाव दिसलं. "भावोजी, ह्यांना सकाळी पालघरला नेलं होतं... आता घरी आणतोय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला पुढचं विचारावं लागलं नाही. रिक्षा करून तसाच बेटेगावला पोचलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, रडता रडता थबकल्या आणि म्हणाल्या, "ती मिशी काढा आधी. ह्यांनी पाहिली असती तर महिनाभर छळलं असतं तुम्हाला."

ह्यांनी म्हणजे भालचंद्र मेहेरने. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. मूळचा सातपाटीचा, वडिलांची बोट, आईचा सुक्या मासळीचा धंदा. हा मात्र शिकून इंजिनिअर झाला, मुंबईत मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं काढली, आणि दोन्ही मूत्रपिंडांनी दगा दिल्यावर परत आपल्या मुलखात आला. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस आणि उरलेले चार दिवस कॉम्प्युटर. आमच्याच सोसायटीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर. पहिली भेट भांडणातून झाली. मी गॅलरीत उभा राहून संवाद पाठ करत होतो, "कोण आहे रे तिकडे?" अशी गर्जना केली, आणि खालून शांतपणे उत्तर आलं, "मी आहे महाराज, खालच्या मजल्यावरची प्रजा. जरा काम करू द्याल का?" तेव्हापासून मी त्याचा महाराज. थट्टेत असला की 'अहो महाराज', आणि गंभीर असला की नुसतं 'तू'. त्याने मला 'तू' म्हटलं की मी सावरून बसायचो.

तो करायचा काय, हे सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमनचं मत होतं, "मेहेर साहब शेअर बाजार देखते हैं." मीही बरेच दिवस तेच धरून चाललो होतो. एकदा विचारलं तर त्याने पुरती दुपार घालवून मला समजावलं. कॉम्प्युटरच्या सगळ्यात तळाशी एक मुकादम बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. तुम्ही फोटो साठवलात, पत्र लिहिलंत, की ते चकतीवर कुठे ठेवायचं, कोण वाचतंय, कोण पुसतंय, ह्याचा सगळा पसारा तो सांभाळतो. हा मुकादम जगभरचे लोक मिळून लिहितात, फार जुन्या भाषेत. "आणि त्याचे नियम," भालचंद्र म्हणाला, "कुठेही नीट लिहिलेले नाहीत. कुलूप घेतलंस, म्हणजे 'मी वापरतोय, तोवर कुणी हात लावू नका' असं सांगितलंस, तर काम झाल्यावर ते सोडायचं. प्रत्येक फाइलची माहिती एका कार्डावर असते, ते कार्ड भरून झाल्याशिवाय दुसऱ्याला दाखवायचं नाही. हे सगळं पाच-पंचवीस जुन्या लोकांच्या डोक्यात आहे. चुकलास तर कुणी ओरडत नाही. महिन्याने कुणाचा तरी फोटो फाटका निघतो." त्याचं काम होतं ह्या नियमांवर नव्या भाषेत एक आवरण चढवायचं. असं आवरण, की नियम मोडणारा प्रोग्राम मुळात तयारच होणार नाही.

मला हे कळलं, असं मी मान डोलावून दाखवलं. खरं कळलं ते सातपाटीला, त्याच्या आईच्या वाळवणीत. बोंबलाचे दिवस होते, उंच बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या, आणि म्हाताऱ्या आईंचे हात यंत्रासारखे चाललेले. मी म्हटलं, मी मदत करतो. राजा माणूस, एक बोंबील उचलला, दोरीवर टाकला, तो सटकन वाळूत. दुसरा टाकला, तोही. कावळ्यांची चंगळ झाली. आई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय करताय तुमी? एकेक टाकताय? दोगांची तोंडं एकमेकांत अडकवा, मंग टाका! भालू, तुजा दोस्त फोरमन हाय बोलला होतास ना? असाच चालवतो काय कारखाना?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. भालचंद्र मात्र हसला नाही. एक जोडी माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "बघ. जोडी नसेल तर ती राहतच नाही दोरीवर. कुणी लक्षात ठेवायची गरज नाही, मालच चूक करू देत नाही. मी हेच लिहितोय. कुलूप घेणं आणि सोडणं, तोंडात तोंड अडकवून." मग ती जोडी दोरीवर टाकत म्हणाला, "आईला पेटंट द्यायला पाहिजे."

पण काही जागा अशा राहतातच, जिथे त्याच्या नव्या आवरणाला खालच्या जुन्या कोडला हात लावावा लागतो. तिथे प्रोग्राम तपासणारं यंत्र हात वर करतं: इथलं मला कळत नाही, तुमचं तुम्ही बघा. तशा जागी त्या लोकांचा एक रिवाज आहे आणि मला तो फार आवडला. तिथे 'हा भाग धोक्याचा' अशी खूण करायची आणि तिच्या डोक्यावर माणसाच्या भाषेत लिहायचं, की इथे धोका का नाही. कारण द्यायचं. 'मला माहीत आहे' चालत नाही. भालचंद्र त्या ओळी आधी मराठीत जुळवायचा, आणि जुळवायला त्याला समोर एक अडाणी माणूस लागायचा. ती भूमिका मला मिळाली. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की मी त्याच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसायचो, तो ओळ वाचायचा आणि मी दरबार भरवायचो. "प्रधानजी! हे कुलूप कोणी घेतले?" "महाराज, वरच्या फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या वरच्या तुकड्याने." "त्याने सोडले हे कशावरून?" "महाराज, त्याचा मुक्काम संपला की कुलूप आपोआप सुटतं." "पुरावा सादर करा!" वहिनी शाळेत शिकवून दमून आलेल्या असायच्या, आतून ओरडायच्या, "अहो, जरा हळू! शेजारी समजतात आपल्याकडे चोरी झाली."

ह्या सगळ्या कामाला एक बाई विरोध करायच्या. दूर परदेशात बसलेल्या, त्या जुन्या पाच-पंचवीस डोक्यांपैकी एक डोकं. मी त्यांचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. त्यांच्या मेल आल्या की भालचंद्र मला मराठी करून सांगायचा आणि मी त्या नाकात बोलून दाखवायचो. पण एक मेल आली त्या दिवशी मला नक्कल सुचली नाही. आत्याबाईंनी लिहिलं होतं: काम चांगलं आहे, पण आमचं जुनं कोड उद्या बदलेल, तेव्हा तुमचं आवरण मोडेल. ते दुरुस्त करायला तुम्ही किती वर्षं इथे असाल? तुम्ही निघून गेल्यावर हे कोण सांभाळणार? त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की हा माणूस हातात सुया टोचून घेऊन पडल्या पडल्या त्यांना उत्तरं लिहितो. मी चिडलो. म्हटलं, "सांगून टाक ना, आजारी आहे म्हणून. जरा लाजेल ती." तो म्हणाला, "तिने बरोबर विचारलंय. तिच्या जागी तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस." त्याने दोनच वाक्यांचं उत्तर पाठवलं. असेपर्यंत मी सांभाळेन. नंतरच्यासाठी लिहून ठेवतो आहे.

तेव्हापासून त्या ओळींना वेगळाच जोर चढला. आपण नसताना, आपल्याला काही विचारता येत नसताना परक्या माणसाला कळली पाहिजे, अशी प्रत्येक ओळ. त्या मुकादमात नवं काम ठरावीक काळाने, फेरीफेरीने घेतात; पुढच्या फेरीत भालचंद्रचं काम स्वीकारलं जाणार, असं जवळजवळ ठरलं होतं. आत्याबाईंचाही सूर मऊ झाला होता. भालचंद्रच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी रंग पाहिला. आणि नेमकं तेव्हा मी ती माती केली... का सोनं केलं, अजून मला ठरवता आलेलं नाही.

ओळ होती फाइलच्या कार्डाची. एकाच फाइलसाठी दोघं आले तर पहिल्याला कोरं कार्ड मिळतं, तो ते भरतो, आणि तोवर दुसरा बाहेर थांबतो. भालचंद्रने वाचलं: "इथे धोका नाही, कारण ज्याने कोरं कार्ड घेतलं तोच ते भरून पुढे देतो." मी सवयीने नसलेल्या दाढीवरून हात फिरवला, आवाज लावला आणि म्हणालो, "प्रधानजी! आणि भरणारा मध्येच गेला तर?"

मी बोललो आणि जीभ चावली. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. स्क्रीनकडे बघत होता. ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. खाली रस्त्यावर केमिकलचा टँकर मागे घेताना टूं टूं करत होता, तो आवाज थांबला तरी हा तसाच. मग अगदी हळू म्हणाला, "तू काय म्हणालास ते परत म्हण." मी साध्या आवाजात परत म्हणालो. "तर बाहेरचा थांबूनच राहील," तो म्हणाला. "कायमचा. त्याला कुणी सांगणारच नाही. मी ही शक्यताच धरली नव्हती रे."

त्या संध्याकाळी घरात कडाक्याचं भांडण झालं आणि मी मधोमध सापडलो. वहिनी म्हणत होत्या, "स्वीकारू दे आधी, मग दुरुस्त करा. एवढ्या लोकांनी वाचलं, कुणाला दिसलं का? तुमच्याकडे किती वेळ आहे, डॉक्टरांनी काय सांगितलंय... का मीच बोलू सगळं?" भालचंद्र म्हणाला, "सुनंदा, त्या ओळीखाली माझं नाव आहे. 'धोका नाही' असं लिहिलंय मी. आणि धोका आहे." वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, तुम्हीच बोललात ना? आता तुम्हीच समजवा." सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा मी दाराशी जाऊन चपला शोधायला लागलो. त्याने रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना मेल पाठवली: माझ्या कामात भोक आहे, मलाच सापडलं आहे, ह्या फेरीत घेऊ नका. आणि खाली लिहिलं, की प्रश्न एका मित्राने विचारला, त्याला प्रोग्रामिंग येत नाही. आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर माझं नाव पन्नास वेळा छापून आलंय, पण त्या ओळीइतका मी कधी फुगलो नाही. आणि इतकं अपराधीही कधी वाटलं नाही.

दुरुस्तीला दोन महिने लागले. धडधाकट माणसाला आठवडा पुरला असता. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याची बोटं थरथरायची, मग तो सांगायचा आणि वहिनी, ज्यांनी एवढं भांडण केलं त्या वहिनी, अक्षर न् अक्षर टाइप करायच्या. आता कार्ड असं झालं, की भरणाऱ्याने ते मध्येच टाकून दिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि बाहेर थांबलेल्यांना निरोप जातो. "आता विचारा महाराज," तो म्हणाला. मी विचारलं. त्याने नवी ओळ वाचली. मला पुढचा प्रश्नच सुचेना. तो इतक्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. काम पुन्हा पाठवलं. त्यानंतर अकराव्या दिवशी माझी ती अर्धी मिशी...

तेराव्यानंतर वहिनींनी मला खाली बोलावलं. आत्याबाईंची मेल होती. त्यांना कुणीतरी कळवलं असावं. वहिनी वाचून मराठी करून सांगत होत्या आणि मी, जन्मात पहिल्यांदा, आत्याबाईंना साध्या आवाजात ऐकत होतो. सगळ्या धोक्याच्या ओळी वाचल्या, त्यांनी लिहिलं होतं. वाचताना जो जो प्रश्न पडला त्याचं उत्तर खालच्याच ओळीत होतं. पुढच्या फेरीत हे काम आत घेतोय आणि त्याच्या नावाशेजारी सांभाळणारी म्हणून माझं नाव घालतेय. वहिनींनी लॅपटॉप मिटला. "ह्यांना ऐकायला मिळायला हवं होतं," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडची निम्मी वीज गेली. मला हाक आली. आयुष्य मशिनी उघडण्यात गेलेला मी मोठ्या रुबाबात गेलो, पॅसेजमधला मेन स्विच पाडला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीतल्या वायरिंगच्या पेटीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. वर मोठ्या अक्षरात, मला हातभर अंतरावरूनही दिसावं इतक्या मोठ्या अक्षरात, भालचंद्रच्या हाताचं: 'महाराज, आधी चष्मा लावा.'

मी खिशातून चष्मा काढून लावला. खाली बारीक अक्षरात होतं: 'धोका. मेन पाडला तरी डावीकडच्या तीन वायरींत वीज असते. कारण त्या इन्व्हर्टरवरून येतात. आधी गॅलरीतलं इन्व्हर्टरचं बटण बंद करा. मग टेस्टर लावा. मग हात घाला.' माझा स्क्रूड्रायव्हर डावीकडच्याच वायरीपाशी होता.

गॅलरीत जाऊन बटण बंद केलं. टेस्टर लावला. मग हात घातला. सैल झालेला एक स्क्रू होता, दोन मिनिटांचं काम. "जमलं का हो?" वहिनींनी आतून विचारलं. "जमलं," मी म्हणालो, आणि झाकण लावायच्या आधी खिशातलं पेन काढून त्याच्या शेवटच्या ओळीखाली, वीज पुन्हा सुरू करताना आधी काय लावायचं आणि का, ते कारणासकट लिहून ठेवलं.