पडलेल्याला उचलायचं कधी

मी माझं गाव, अंजूर, सोडलं ते २००५ सालच्या जूनमध्ये, एका सकाळी. भिवंडीला जाणारी रिक्षा दारात उभी होती. आई माझ्या बॅगेत सुक्या जवळ्याची पुडी कोंबत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर पेपर उघडून बसले होते. अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"ती कवटी आत घाल रं," माझ्या काळ्या टीशर्टवरच्या चित्राकडे बघत आई म्हणाली. "गाडीत मानसा घाबरतीन."

मी वरून शर्ट चढवला आणि रिक्षात बसलो. मंगलोरच्या नर्सिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता. चार गोदामांच्या मालकाचा एकुलता मुलगा नर्स व्हायला निघाला होता, आणि कारण विचाराल तर हेवी मेटल, ते कानठळ्या बसवणारं संगीत. तेव्हा हे कुणाला सांगून पटलं नाही. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे लांब गेलेल्यांनो, आज नीट सांगतो.

भिवंडीच्या ज्युनिअर कॉलेजात इम्रान माझ्या बाकावर बसायचा. त्याचे अब्बा उत्तर प्रदेशातून येऊन पॉवरलूमवर लागले होते. खोली कारखान्याच्या वरच. जन्मापासून कानात लूमचा खडखडाट, त्यामुळे हळुवार गाणी त्याला चालायची नाहीत. "ये तो नींद की गोली है यार," म्हणायचा. त्यानंच माझ्या कानात पहिल्यांदा इअरफोन घातला. आधी वाटलं, लूमच चालू आहेत. मग कळलं, यात कुणीतरी चिडलंय. मीही चिडलेलोच होतो. आमची भाताची शेतं एकामागून एक गोदामांखाली जात होती, आणि बारावी झाली की दापोड्याच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात खुर्चीवर बसायचं, हे मला न विचारता ठरलेलं होतं. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी कारखान्यात इम्रान ड्रम बडवायचा आणि मी गिटार वाजवायचो, वाईट.

बारावीच्या वर्षी मुंबईतल्या एका कॉलेजच्या मैदानावर मेटल बँड येणार होते. क्लासला जातो सांगून आम्ही एका ओळखीच्या टेम्पोतून गेलो. दुपारचे चार वाजले असतील. स्टेजसमोर पोरं गोल करून एकमेकांना धक्के देत नाचत होती. त्याला पिट म्हणतात. बाहेरून हाणामारी वाटते, पण आत कुणी पडला की दहा हात त्याला वर ओढतात. आम्ही दोघं हसत हसत आत शिरलो.

दुसऱ्या गाण्याला इम्रान डोक्यावर पडला. त्याच्या अंगावर आणखी दोघं कोसळले. ते उठले, इम्रान उठला नाही. डोळे उघडे होते. मी त्याच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागलो.

"हात काढ! उचलू नकोस त्याला!"

ओरडणारा माणूस तिशीचा होता. कमरेपर्यंत केस, दाढी, दोन्ही हातांवर गोंदलेलं. माझे हात झटकून तो इम्रानच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं. मग मान वर करून पोरांना म्हणाला, "कडं करा. पाठी आत, तोंडं बाहेर." चाळीसेक काळे टीशर्ट हातात हात गुंफून आमच्याभोवती उभे राहिले. मागून गर्दी रेटत होती. कुणीतरी स्टेजकडे हात करून ओरडलं आणि गाणं मधेच थांबलं. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

"नाव काय याचं?"

"इम्रान."

"बोल त्याच्याशी. डोळे तुझ्याकडे राहू देत. मान हलता कामा नये."

तोंडात आले ते केमिस्ट्रीचे धडे मी म्हणायला लागलो. इम्रान पुटपुटला, "हाथ में झुनझुनी हो रही है।" तो माणूस शांतपणे म्हणाला, "येऊ दे झिणझिण्या. बोटं हलव. शाब्बास." अँब्युलन्स यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यानं हात सोडले नाहीत. तो उठला तेव्हा मैदानात घासून त्याचे स्वतःचे गुडघे फुटले होते, जीन्स रक्तानं भिजली होती.

"तुम्ही डॉक्टर आहात?" मी विचारलं.

"नर्स. अपघात विभागात ड्युटी असते." पुरुष नर्स असतो हेच मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पडला की उचलायचा, हा आपल्यात नियम आहे. चांगलाय. पण तो कधी मोडायचा, ते शिकावं लागतं."

इम्रानच्या मानेच्या मणक्याला तडा गेला होता. ओढला असता तर हातपाय कायमचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या अब्बांनी माझे दोन्ही हात धरले. "अल्लाह ने तुम्हें वहाँ भेजा था, बेटा।" मी मान खाली घातली. माझे हात काय करायला निघाले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. इम्रान तीन महिने गळ्यात पट्टा घालून होता. तेवढे महिने झोपायला डोळे मिटले की त्याच्या काखेची ऊब माझ्या बोटांना जाणवायची.

नर्सिंगचा फॉर्म आप्पांपुढे ठेवला तेव्हा ते आधी हसले. मग हसू गेलं. "मालक हायस तू. परक्यांचा मुतपात काढाला जातंस?"

"जातंय," मी म्हणालो. पुढे सहा महिने आम्ही बोललो नाही.

मंगलोरला वर्गात आम्ही चार मुलगे, बाकी सगळ्या मुली. कानडी येत नव्हतं, तुळू तर नाहीच. पहिल्या महिन्यात दोनदा बॅग भरली आणि दोनदा सोडली. ड्युटीला जाताना कानात तेच चिडलेले ड्रम असायचे. वॉर्डात मॉनिटर, पंप, माणसं सगळं एकदम ओरडायला लागलं की बरोबरची पोरं गांगरायची. मला गोंगाटात एकेक आवाज वेगळा काढायची सवय होती.

तिसऱ्या वर्षी, सकाळी दहाच्या सुमाराला, वॉर्डात आईचा फोन आला.

"आप्पांचा तोंड वाकडा झायलाय रं. उजवा हात उचलत न्हाय. मानसा सांगतान, अंगावरना वारा गेलाय. काका कबुतर आनाला गेलेत, रगत चोळाला."

मी घड्याळात बघितलं.

"कधीपासून?"

"आता चा पेताना."

"आई, ऐक. तोंडात काय घालू नको, पानी बी न्हाय. कुशीवर झोपव. घरातली मानसा बाहेर काढ. कबुतर नको, गाडी पायजे."

इम्रान तेव्हा दापोड्याला टेम्पो चालवायचा. त्याला फोन केला. दहा मिनिटांत तो आमच्या दारात होता. काका आडवे आले, भगताला दाखवल्याशिवाय न्यायचं नाही म्हणाले. इम्रानच्या चालू फोनमधून मला सगळं ऐकू येत होतं. मग आईचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता तसा: "बाजूला व्हा. माझा पोरगा नर्स हाय."

माणकोली नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. इम्राननं टेम्पो उलट्या बाजूनं घातला. "बोलता रह, भाई," तो मला सांगत होता, आणि आईनं आप्पांच्या कानाशी धरलेल्या फोनवर मी त्यांच्याशी बोलत होतो. पलीकडून नुसता घशातला आवाज यायचा. साडेअकराला ते ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं.

मी तीन आठवडे घरी राहिलो. त्यांना अंघोळ घालायचो, लघवीचं भांडं द्यायचो, कूस बदलायचो. पहिले काही दिवस ते डोळे मिटून घ्यायचे. नंतर एकदा पाठ पुसत असताना, शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "हलका हाय... हात तुझा." निघताना पाया पडलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

कोर्सनंतर काही वर्षं नोकरी करून २०१२ मध्ये मी इंग्लंडला, लीड्सला आलो. अपघात विभागातच आहे. केस पिकले, टीशर्ट काळेच. आप्पा त्या झटक्यानंतर सात वर्षं काठी घेऊन चालले, मग गेले. गावी जातो तेव्हा आमची शेतं कुठून कुठपर्यंत होती ते दाखवता येत नाही. नाक्यावरचा रिक्षावाला मला हिंदीत विचारतो, "किधर जाना है?" राग येत नाही आता. त्यानं मला कुठं बघितलंय?

पण गावातून फोन येतात. कुणाच्या पायाला सूज, कुणाची गोळी बदललेली. नंबर कसा पसरला माहीत नाही. गेल्या महिन्यात ड्युटी संपवून बसची वाट बघत होतो, तर एका अनोळखी म्हातारीचा फोन आला. दोन दिवस छातीत धडधडत होतं, चालताना दम लागत होता. विचारायचं ते सगळं विचारलं. आजच्या आज दवाखान्यात जा, नातवाला फोन दे म्हणालो. त्याच्याकडून दवाखान्याचं नाव वदवून घेतलं. मग तिनं फोन परत घेतला.

"बोलतंस तर आपल्यासारखा. कुनाचा रं तू?"

"अंजूरच्या बाळारामाचा."

"मंग घरचाच हायस," ती म्हणाली, आणि नातवाला चपला आणायला सांगून तिनं फोन ठेवला.