आईनं सांगितलेले धा मार्क

"खुर्चीवरून ऊठ गं. युनिफॉर्मवर पेशंटजवळ बसायचं नाही, माहीत नाही का तुला?"

टॅब घेऊन आलेली मॅडम मराठीतच बोलली. पुण्याची होती. बेंगळुरूत मराठी कानावर पडलं की एरवी किती बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं, ही कन्नड बोलली असती तर परवडलं असतं.

हेब्बाळच्या ह्या हॉस्पिटलात मी सहा वर्षं फरशी पुसते. आणि कॉटवर होती ती माझी आई. निपाणीहून आणलेली. पोटातला कॅन्सर हाडांत उतरलेला. आता बरं व्हायचं नाही, फक्त दुखणं कमी करायचं, असं सांगून तिला ह्या वॉर्डात ठेवलेलं. माझी जेवणाची सुट्टी होती, तेवढ्यात तिला पेज भरवत होते. उठले. वाटी हातात धरून भिंतीला टेकले. वर "सॉरी मॅडम" म्हणाले. आता सांगायचीही लाज वाटते.

मॅडम त्याच खुर्चीवर बसली. मांडीवर टॅब. शेवटच्या दिवसांत पेशंट कसा जगतो ते मोजायचं, हे तिचं काम.

"आजी, तुमचं आयुष्य आत्ता कसं चाललंय? शून्य म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे उत्तम. किती द्याल?"

"धा," आई म्हणाली. लगेच.

"आणि दुखतं का?"

"न्हाई बाई. काय न्हाई."

मी तोंड उघडलं. "मॅडम, ती सकाळपासनं..."

"तू बोलू नकोस. पेशंटचंच उत्तर लागतं."

सकाळपासून आई चादरीचं टोक चावत होती. ओली झाली होती चादर.

मॅडम गेली आणि मी आईवर ओरडले. मरणाऱ्या आईवर. "धा कुठले गं? दुखतंय म्हणून सांगायला काय झालं होतं तुला?"

"परीक्षा घेत हुती न्हवं ती? कमी मार्क पडल्यावर ठिवून घेतील व्हय? आन तुझी नोकरी हाय हितं. हिच्या आईनं नावं ठिवली म्हंतील."

जन्मभर तंबाखूच्या वखारीत बसलेली बाई. मालक विचारायचा, बरं आहे ना? सगळ्या बायका खोकत खोकत म्हणायच्या, बरं हाय अण्णा. जी दुसरं काही बोलली ती उद्या कामावर दिसायची नाही. इथली नर्स कन्नडात विचारायची, तिलाही आई म्हणायची, "स्वल्प, स्वल्प." थोडंसंच दुखतंय म्हणे!

मी मॅडमला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आईनं घाबरून सांगितलंय. ते बदला. तिला लई दुखतंय हो."

तिनं माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. "हे तू नातेवाईक म्हणून सांगतेस की हाउसकीपिंग म्हणून? आमचं काम आम्हाला करू दे."

मी बादली उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी तेच उत्तर पाहिलं. "व्हेरी गुड, आजी!" मॉर्फिन होतं तेवढंच ठेवलं. आई हसली. पास झाली होती ना ती. चौथ्या दिवशी गेली. दात आवळलेले होते, शेवटपर्यंत सुटले नाहीत. माझी आई तळमळत गेली आणि मी त्याच इमारतीत फरशी पुसत होते. मॅडमला मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

महिन्याभरानं मॅडम मलाच शोधत आली. चिकोडीकडचे एक आजोबा आले होते, त्यांची बोली तिला कळेना. "जरा समजावून सांग ना त्यांना." माझ्या आईला जे विचारलं तेच प्रश्न. मी विचारले. आजोबांनी पडल्या पडल्या हात जोडले.

"धा लिवा, बाई."

मॅडमचं बोट टॅबवर गेलं. "लिहू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आधी त्यांना सांगायचं, खरं बोललं म्हणून इथून कुणी काढत नाही. ते सांगितल्याशिवाय मी पुढचा एक प्रश्न विचारणार नाही."

"हे फॉर्ममध्ये नाहीये. तुझ्या सुपरवायझरला बोलावू का?"

"बोलवा."

मी तिच्याकडे पाठ केली. "आजोबा, ही परीक्षा न्हवं. इथं कुणी नापास होत न्हाई. दुखतंय तेवढं सांगा."

आजोबांनी माझा हात धरला आणि ढसाढसा रडायला लागले.

एवढंच सांगायचं होतं. माझ्या आईला ते मला सांगता आलं नाही, तिच्यावर नुसती ओरडले. आता ह्या वॉर्डात येईल त्या प्रत्येकाला सांगणार. कामावरून काढलं, तर गेटवर उभी राहून सांगेन.