घाट कोणी फोडला?

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

दुपारी नऊ वर्षांच्या मुक्ताबरोबर बोरघाटातल्या रेल्वेचं पुस्तक वाचत होते. ‘साहेबाने घाट फोडला,’ हे वाक्य येताच लेक थांबली. “आई, साहेब स्वतः दगड फोडायचा?”

मी खूश झाले, तोच जाऊबाई म्हणाल्या, “परीक्षेत असलं इचारत नाय गं. साहेबच लिही नि मोकळी हो.”

पोरीने पुस्तक मिटलं.

“अहो, तुमच्या-माझ्या नवऱ्यांचे खापरपणजोबा भागूच तिथं सुरुंग लावायला होते!” मी म्हटलं. ही गोष्ट मुक्ताला तिचे बाबा सांगायचे. आता ते नाहीत.

मी पुस्तक उघडून तिच्या हाती पेन्सिल दिली. तिने वाक्यात मधेच लिहिलं, ‘आणि भागूने’.

जाऊबाई रुसल्यात. रुसू देत.

तुमच्या घरातलं कोण पुस्तकाबाहेर राहिलंय?