खंडेनवमीला तेल घातलेलं विमान

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन देशाचं परराष्ट्र धोरण ठरवतात. मी मागच्या खोलीत लढाऊ विमान बांधायला घेतलं. उडणारं नव्हे. संगणकावर विमान चालवायचा खेळ असतो, त्यासाठी खऱ्या विमानातल्यासारखं कॉकपिट. मोडीत निघालेल्या जीपची सीट, समोर तीन पडदे, दोन्ही बाजूंना बटणं बसवलेले प्लायवूडचे फळे, पायाशी दोन पेडल आणि गुडघ्यांच्या मधे दांडी.

हा छंद असलेल्या मंडळींचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे बहुतेक सगळे एकमेकांना हुद्द्याने हाक मारतात. नाशिकचे एक हार्डवेअर दुकानदार त्यात विंग कमांडर आहेत. कुणाचं बटण दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं, की जवळजवळ कोर्ट मार्शलच होतं. मी आयुष्यभर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. हुद्दा मला कधी नव्हताच, पण मिलिमीटर कळत होते.

बाकीचं अण्णांना कळत होतं. अण्णा आमचे शेजारी, तेलुगू विणकर घरातले, माझ्याहून सहासात वर्षांनी मोठे. यंत्रमागांचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला बोलावतात तो माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात राहिला. व्यायामासाठी मिळालेला रबरी चेंडू त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला होता. दिवसभर ते पायरीवर बसून गल्लीतल्या मागांचे आवाज ऐकत आणि कुणी विचारलेलं नसताना निदान करत, "कोपऱ्यावरचा तिसरा माग आजारी हाय." अक्का, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली, "हाताचं एवढं न्हाई हो सर. काम न्हाई, ते खातंय त्यांना."

माझी ठोकाठोकी त्यांनी भिंतीपलीकडून ऐकली आणि एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"सर, खिळा रडायला लागलाय की तुमचा."

तेव्हापासून सहा महिने ते रोज आले. डोकं त्यांचं, हात माझे. दांडी सोडली की ती मधोमध परत येत नव्हती. ग्रुपवर सगळ्यांनी परदेशी भाग मागवायला सांगितलं. अण्णांनी घरातल्या डब्यातून मागाची जुनी स्प्रिंग आणली, डाव्या हाताने तिची जागा दाखवली आणि माझ्याकडून तीनदा बसवून घेतली. चौथ्यांदा दांडी अशी परतली, की मी नुसता बघत राहिलो.

नवरात्रात मी दोन दिवस मंगळवेढ्याला बहिणीकडे गेलो. किल्ली अण्णांकडे होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी परत आलो तर कॉकपिट लखलखत होतं. फळ्यांवर हळदकुंकू, दांडीला झेंडूचा हार, सीटवर नारळ. खंडेनवमीला यंत्र पुसायचं, तेल घालायचं आणि पुजायचं, हा अण्णांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी प्रत्येक हलणाऱ्या सांध्यात मागाचं तेल सोडलं होतं. दांडीखालच्या डब्यातही.

त्या डब्यात रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतात तसले चार बारीक भाग होते. दांडी किती हलली ते संगणकाला तेच सांगतात. तेल प्यायल्यावर ते वाटेल ते सांगू लागले. अण्णांसमोरच मी खेळ सुरू केला, दांडीला हातही लावला नाही, तरी विमान जागच्या जागी मंद्रूपच्या एसटीसारखं थडथडत होतं.

"अण्णा, हा काय माग आहे?" मी म्हणालो. आवाजही चढला होता.

त्यांनी सीटवरचा नारळ उचलून टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. ते पायरीवर होते, आमच्या घराकडे न बघता. दसऱ्याला धाकट्याने थोरल्याकडे सोनं घेऊन जायचं असतं. ही रीत नसती, तर मी तोंड लपवून बसलो असतो आणि त्याला स्वाभिमान म्हणालो असतो. आपट्याची पानं घेऊन गेलो. सोनं डाव्या हाताने घेत नाहीत, म्हणून अण्णांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी त्या तळव्यावर पानं ठेवली आणि वाकलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तो डबा उघडायचाय. मला जमत नाही." हे खरंच होतं. त्याचे बोल्ट त्यांच्या डोक्यातल्या क्रमाने लावलेले होते.

"न्हाई आलो तर?"

"तर तसंच थडथडत, तुमच्या तेलावर चालवतो."

आतून अक्का ओरडली, "जावा की! सकाळपासून मला भाकरी थापायला शिकवायलेत."

अण्णा आले. डबा उघडला. चारपैकी दोन भाग स्पिरिटने धुऊन वाचले, दोन नवे घ्यावे लागले. बंद करायच्या आधी अण्णा म्हणाले, "उघडलंच हाय तर एक इचारू? इंजिनाची दांडी उजवीकडं घेता येईल काय?"

खऱ्या विमानात इंजिनाची दांडी डाव्या हाताला असते आणि विमान वळवायची दांडी उजव्या हाताने धरतात. मी विचारलं, "कशाला?"

ते सीटकडे बघत राहिले. "वळवायचं डाव्यानं करीन. इंजिनाला नुसतं ढकलायचं हाय. तेवढं हुतंय ह्या हातानं."

सहा महिन्यांत ते त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. दोन मिलिमीटरचा फरक ओळखणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

बटणांचे फळे कापून डावे-उजवे उलटसुलट करायला आम्हाला चार दिवस लागले. मी ग्रुपवर फोटो टाकला. विंग कमांडरांनी कळवलं, की असं विमान जगात कुठेही नाही. मी लिहिलं, सोलापुरात आहे. शिक्षा म्हणून हुद्दा काढून घ्यायचा, तर माझ्याकडे तो नव्हता.

अण्णांची बोटं अजून वळत नाहीत. वळतीलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण रोज दहा वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि उजव्या हाताचा तळवा इंजिनाच्या दांडीवर ठेवून खांद्यातून जोर लावतात. मला या वयात असा शेजारी मिळाला, याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नाही. म्हणून त्यांच्यासाठी चहा तेवढा वेळेवर करतो.

पहिले आठ दिवस त्यांचं प्रत्येक विमान पडलं. नवव्या दिवशी ते धावपट्टी सोडून नीट वर गेलं. अण्णांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"सर, अक्काला बोलवा. पळा."

अक्का पिठाच्या हातांनीच आली आणि दारात थबकली. "पडलं म्हंजे?"

"पडलं तर परत उडवायचं. हितं कोन मरत न्हाई. हुबी ऱ्हा गप."

ती उभी राहिली. अण्णांनी विमान खाली उतरवेपर्यंत तिच्या बोटांवरचं पीठ पार वाळून गेलं होतं.