ते नुसतं व्हिटॅमिन नव्हतं

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात एका बोकडाचे दात बघत होतो. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, किसनअण्णांचा. “रगत थांबलंच न्हाई,” एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, “कॅप्सूल कवा बंद केली?” त्यांनी फोन ठेवून दिला. महिना उलटला. माझा राग खाली बसलेला नाही, आणि बसावा असं मला वाटतही नाही.

सोपान दहिवडीकडचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून शेळ्यामेंढ्यांचा व्यापार आम्ही मिळून केला. हाताशी भांडवल नव्हतं, जीभ तेवढी होती. टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा आणि तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या, ही आमची शाळा. सोपानचा अंगठा जाड, नखाशी चपटा. तो तळव्यात रुतला की ओळखायचं, गडी आता हलणार नाही. पुढे मी सांगलीत जम बसवला, तो तिकडे माण तालुक्यातच राहिला. “तुला शहर मानवलं, मला मेंढरं,” म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. मीच त्याला गाडीत घालून सांगलीला आणलं. रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. पांढऱ्या पेशी कच्च्या जन्मतात आणि मग पिकतात. त्यांना पिकवणारी जनुकं पेशीच्या आतच असतात. सोपानच्या पेशींत दोन जनुकं तुटून भलतीकडे जोडली गेली होती, आणि ती जोडगोळी बाकीच्यांना कुलूप घालून बसली होती. व्हिटॅमिन ए पासून तयार केलेली कॅप्सूल ते कुलूप काढते, मग जनुकं कामाला लागतात आणि पेशी पिकतात. सोपान म्हणाला, “म्हंजी करडं कापायची न्हाईत, वाढवायची.” बाई हसल्या. खरंच, कॅप्सूल आणि जोडीच्या सलाइनमधल्या औषधानं त्याचं रक्त सुधारलं. घरी सोडताना त्यांनी बजावलं, ही कॅप्सूल ठरल्या पाळीनं घ्यायचीच, बरं वाटलं तरी.

घरी किसनअण्णा होते. फौजेतून आलेले, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. कॅप्सूल घेतली की सोपानचं डोकं ठणकायचं, ओठ सोलायचे. अण्णांनी व्हिटॅमिन एवढा एकच शब्द उचलला. “अंगणवाडीत पोरांस्नी फुकट पाजत्यात ते. त्यानं डोकं उठतंय तर खायाचं कशाला? गाजरं खा, शेवग्याचा पाला खा.” घरानं मायेनं गाजरं चारली. सोपान मला फोनवर हसत म्हणाला, “लय गाजरं झाली गड्या, आता ससाच व्हतोय.” मी दुपारच्या आत दहिवडी गाठली.

“आवं अण्णा, गाजरातनं अंग व्हिटॅमिन गरजेपुरतंच घेतं. तेवढ्यानं ते कुलूप हलत न्हाई. बाईंनी सांगितलंय.”

“तू बोकडं इक. घरातलं आमी बघतो.”

मी सोपानकडे बघितलं. बाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस थोरल्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा पुटपुटला, “अण्णांनीच मला वाढवलाय रं. त्यांचं मन मोडवत न्हाई. घेतो मी, गुपचूप घेतो.” त्यानं घेतली नाही. आजार परतला, आणि या खेपेला दवाखाना गाठेपर्यंत डोक्यात रक्तस्राव झाला... भावाचं मन राखलं, भाऊ गेला. ही कसली माया, मला अजून कळत नाही.

परवा दहिवडीच्या बाजारात अण्णा सोपानच्या शेळ्या घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला. “भाव तूच कर,” म्हणाले. चार माणसांत काय काय ऐकवायचं ते मी महिनाभर घोटून ठेवलं होतं. ते बोलायलाच मी टॉवेलाखाली हात घातला. माझ्या तळव्यात अंगठा रुतला. जाड, नखाशी चपटा. भाव काही सांगत नव्हता, नुसता रुतून होता. मला हात ओढून घ्यायचा होता... त्या अंगठ्यानं ओढू दिला नाही.