डाव्या भिंतीची गल्ली

एक्कावन्न वर्षांचा माणूस कामावरून येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि टीव्हीसमोर मारामारीचा गेम खेळायला बसतो, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही. वाईला माझे भाऊ समजतात की भावोजी संध्याकाळी बातम्या बघतात. समजू देत बिचाऱ्यांना.

आमचे हे, म्हणजे नंदकुमार, न्हावा शेवाच्या एका खाजगी यार्डात प्लॅनर. बोटीवरून उतरलेला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवायचा ते हे ठरवतात. तिथे कंटेनरला कुणी कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतात. चोवीस वर्षं झाली. आधी निघणारा डबा वर, उशिरा निघणारा खाली, आणि रांगेच्या डाव्या कडेने मशीनसाठी एक गल्ली कायम मोकळी. हे इतकं अंगात भिनलंय की आमचा फ्रीजसुद्धा हेच लावतात. कोथिंबीर काढायला मला कधी दुसरं काही हलवावं लागलं नाही, तेवढं कबूल करते.

गेम आणला ईश्वरीने, आमच्या मुलीने. महापेला नोकरी लागली, दुसऱ्या पगारात घेऊन आली. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, घरात आम्ही नुसतं ‘मारामारी’ म्हणतो. तीसेक लढवय्ये आहेत, त्यातला एक निवडायचा. कुणी उड्या मारतो, कुणी हातातून आग काढतो. यांनी काय निवडावं? एक जाडी, डोक्याला फडकं बांधलेली, पाठीवर सहा खोकी घेतलेली म्हातारी. ईश्वरीने कपाळावर हात मारला. म्हणाली, “बाबा, हिला कुणी घेत नाही. हिला उडी येत नाही, बुक्की येत नाही. समोरचा जवळ आला की ही खलास.”

“मग तो जवळच येता कामा नये,” हे म्हणाले.

त्या बाईला आम्ही गोदामवाली म्हणायला लागलो. ती फक्त खोकी ठेवते. एकावर एक तीनपर्यंत चढवते, धक्का देऊन समोरच्याच्या डोक्यावर पाडते, भिंत करून त्याला कोपऱ्यात कोंडते. पण एकदा ठेवलेलं खोकं तिलाही आडवं येतं, आणि खालचं हवं असेल तर वरचं आधी काढावं लागतं. पोरंटोरं इथेच गोंधळतात, खोक्यांत स्वतःच अडकून बसतात. यांना काय! चोवीस वर्षं दुसरं केलंय काय? चौथी चाल खेळायच्या आधी नवव्या चालीची जागा ठरलेली. महिन्याभरात हे ईश्वरीला हरवायला लागले आणि नेटवरच्या अनोळखी पोरांनाही. तिच्या ऑफिसात यांचं नाव पडलं ‘यार्डवाले काका’.

त्या दिवसांत दर रविवारी कासिमभाई यायचे. कासिमभाई यांच्याच यार्डात स्टॅकर चालवायचे, म्हणजे डबा उचलून रांगेत लावणारं ते अवाढव्य मशीन. हे वॉकीटॉकीवरून सांगणार, ते ठेवणार. बावीस वर्षांची जोडी. उरणहून मोटारसायकलवर यायचे, येताना त्यांच्या बायकोने, खदीजाभाभींनी, दिलेला डबा, बहुतेक वेळा सांदणं. मग दोघं खेळायला बसायचे. कासिमभाईंना लाल पट्टेवाला आवडायचा, दोन उड्यांत अंगावर येणारा. घरी मोबाईलवरही तोच घेऊन खेळायचे. “नंदू, तुझी बाई चालते का सरकते रे?” असं म्हणून हसायचे. हे इथेही खोक्यांच्या डावीकडे गल्ली मोकळी ठेवतात, ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. पण त्यांची एक खोड. गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, लाल पट्टेवाल्याला दोनदा खाली बसवायचे आणि मगच आत शिरायचे.

“हे काय?” मी एकदा विचारलं.

“वहिनी, आमी गल्लीत शिरायच्या आधी दोनदा भोंगा देतो. म्हणजे विचारायचं, मोकळी आहे का? हा वरून सांगतो, मोकळी आहे, ये. मग शिरायचं. न विचारता शिरला तो मेला.”

गेल्या डिसेंबरात अपघात झाला. वीस टनांचा डबा उचललेला असताना कासिमभाईंचं मशीन गल्लीत वळलं आणि एका बाजूला कललं. त्यांनी उडी मारली, म्हणून वाचले. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. यार्डाने चौकशी लावली. ऑपरेटरने भोंगा न देता, न विचारता मशीन आत घातलं, असं पहिल्या कागदावर आलं आणि कासिमभाईंचं ऑपरेटरचं कार्ड अडकलं. कार्ड नाही तर मशीन नाही, या यार्डात नाही आणि दुसऱ्याही नाही. सगळं एका गोष्टीवर अडलेलं होतं: कासिमभाईंनी विचारलं होतं का, आणि वॉकीटॉकीवरून यांनी काय सांगितलं. यांनी चौकशीत सांगितलं, “आठवत नाही.”

मला तिथेच खटकलं. तीन हजार डब्यांत अमक्या नंबरचा डबा कुठे, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस! आमच्या साखरपुड्यात मी कुठल्या हातात रुमाल धरला होता ते आठवतं, आणि हे आठवत नाही? विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. मी खदीजाभाभींना दोनदा फोन केला. त्यांनी नीट बोलून, तब्येत सांगून, ठेवून दिला. रविवार गेले. सांदणं गेली. हे मात्र रोज संध्याकाळी गोदामवाली घेऊन बसायचे, पहिल्यापेक्षा जास्त.

मार्चमध्ये शौनकने, ईश्वरीच्या ऑफिसातल्या मुलाने, या बाईवर एक व्हिडिओ केला. जोर कशात, कमजोरी कशात, सगळं दाखवून. कौतुक भरपूर होतं. शेवटी म्हणाला, “काकांची मोठी कमजोरी बाईची नाही, काकांची स्वतःची आहे. ते डाव्या भिंतीला लागून एक गल्ली कायम उघडी ठेवतात. तिथून शिरा, काका संपले.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो गल्लीतून. मिसरूड न फुटलेली पोरं यांना धूळ चारायला लागली. ईश्वरी ओरडायची, “बाबा, एक खोकं ठेवा ना तिथे! एकच!” हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

एका शनिवारी सकाळी पोहे देताना मीच पेटले. हरण्याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण अख्खा आठवडा तोंड पाडून बसलेला माणूस बघवत नव्हता. म्हटलं, “अहो, बंद करा ना ती गल्ली एकदाची!”

“गल्ली बंद करायची नसते.”

“खेळ आहे तो. तिथे कुणाचं मशीन येणार आहे?”

बशी खाली ठेवली. बराच वेळ लिंबाची फोड चमच्याने दाबत बसले. मग म्हणाले, “मी एकदा बंद केली होती.”

मी गॅस बंद केला आणि समोर बसले.

त्या दिवशी दोन बोटी एकदम लागल्या होत्या. जागा नव्हती, साहेब डोक्यावर बसलेला. यांनी तासाभरासाठी म्हणून दोन डबे गल्लीतच ठेवायला लावले, दुसऱ्या मशीनवाल्याकडून. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तासाभराने कासिमभाईंचा भोंगा आला, दोनदा. हे तेव्हा दुसऱ्या बोटीची यादी बघत होते. मान वर न करता यांच्या तोंडून निघालं, “मोकळी आहे, ये.” दिवसातून दोनशे वेळा म्हणतात ते. हजारो वेळा खरं होतं, त्या दिवशी नव्हतं. कासिमभाई भरवशावर वळले, समोर डबे दिसले, ब्रेक मारला आणि मशीन कललं.

“आणि तुम्ही सांगितलंत, आठवत नाही?”

“घाबरलो. तोंडातून गेलं. मग मागे घेता येईना.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की शेजारच्या नमिताताईंनी दार उघडून बघितलं. मला राग अपघाताचा नव्हता. चूक कुणाच्याही हातून होते. पण ज्याच्या घरचं बावीस वर्षं खाल्लंत, त्याला लंगडा केलंत आणि वर खोटा ठरवलंत? लाज नाही वाटली? हे मान खाली घालून ऐकत होते. एका शब्दाने उलटून बोलले नाहीत, त्याचा मला आणखी राग आला. चौकशीची शेवटची तारीख पुढच्या गुरुवारी होती. म्हटलं, “गुरुवारी बोलणार का नाही?”

“बघतो,” म्हणाले. बघतो! मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

मंगळवारी संध्याकाळी हे खेळायला बसले. मी मेथी निवडत होते, टीव्हीकडे पाठ करून, मुद्दाम. खेळायचं बोलावणं आलं कुणाचं तरी, नावाच्या जागी नुसते आकडे. समोरच्याने लाल पट्टेवाला घेतला. यांनी खोकी लावली, नेहमीसारखी, डावीकडे गल्ली ठेवून. समोरचा दोन उड्यांत गल्लीपाशी आला.

आणि थांबला.

खोक्यांचे आवाज बंद झाले म्हणून मी वळून बघितलं. लाल पट्टेवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता. एकदा खाली बसला, उठला. पुन्हा बसला, उठला. आत शिरेना. गोदामवाली चार पावलांवर, गल्ली सताड उघडी. शिरला असता तर जिंकला असता.

यांचे हात थांबले. माझ्या मांडीवरची मेथी खाली पडली. टीव्हीवर खेळाच्या घड्याळाचे आकडे उतरत होते, साठ, पन्नास, चाळीस. त्याने पुन्हा तेच केलं. बसला, उठला. बसला, उठला.

“कासिम आहे,” हे म्हणाले.

“विचारतोय तो,” मी म्हणाले. “उत्तर द्या.”

वेळ संपली, खेळ बरोबरीत सुटला. यांनी रिमोट खाली ठेवला आणि फोन उचलला. चार महिन्यांत पहिल्यांदा. पहिल्या रिंगला उचलला गेला. यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“कासिम, गल्ली बंद होती. मीच डबे ठेवले होते. तू विचारलंस. दोनदा भोंगा दिलास. मी न बघता ये म्हणालो.”

कासिमभाई म्हणाले, “मला माहीत आहे रे ते. मला काय सांगतोस? मी तिथंच होतो. चार महिने सगळे मला म्हणतायत, कासिम, तू भोंगा दिलाच नसशील. बायकोसुद्धा एकदा म्हणाली, विसरला असाल. मला पण रात्री वाटायला लागलं, खरंच दिला का नाय? तुला ते गुरुवारी तिथं बोलता येईल?”

“बोलतो.”

“बघ. मी येणार नाय तिथं. जिना चढवत नाय.” आणि फोन ठेवला.

हे ओंजळीत तोंड धरून रडले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी यांना सासऱ्यांच्या वेळी पण असं रडताना बघितलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला. राग होताच अजून, पण हात ठेवला.

गुरुवारी मी शाळेच्या ऑफिसातून रजा काढून बरोबर गेले. विश्वास नव्हता असं नाही. असं समजा की थोडा कमी होता. मला आत घेतलं नाही, बाहेरच्या बाकावर बसवलं. पंचवीस मिनिटांनी हे बाहेर आले. घाम पुसला आणि म्हणाले, “लिहून दिलं. सही केली.”

त्याचं जे व्हायचं ते झालं. प्लॅनरच्या खुर्चीवरून काढून यांना गेटवर बसवलं, ट्रकचे कागद तपासायला. केबिन गेली. आता उन्हात उभे असतात, मी टोपी घेऊन दिली आहे. साहेबाचं काही झालं नाही, साहेबांचं कधी होत नाही. जूनमध्ये कासिमभाईंचं कार्ड मोकळं झालं. गुडघा पूर्ण वाकायला लागला की मशीन मिळेल, असं लेखी आलं. ते खदीजाभाभींनी मला फोन करून सांगितलं. यांना कासिमभाईंचा फोन आला नाही. हे विचारायचेही नाहीत. शौनकला ईश्वरीने काही सांगितलं नाही. गोदामवाली अजून गल्ली उघडी ठेवते आणि अजून हरते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी अकराच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. दोनदा. थांबून थांबून.

यांच्या हातात पेपर होता. मान वर झाली, ओठ हललेसुद्धा, पण आवाज काढला नाही. पेपर ठेवला, उठले, दार उघडलं. बाहेर पॅसेजमध्ये कासिमभाई काठी टेकून उभे, हातात स्टीलचा डबा. मध्ये नमिताताईंच्या नातवाची सायकल आडवी लावलेली, आमच्या चपलांचा स्टँड अर्ध्या वाटेत. यांनी सायकल उचलून जिन्यापाशी नेऊन ठेवली. स्टँड भिंतीला सरकवला. सुटलेली एक चप्पल पायाने नाही, वाकून हाताने बाजूला केली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण वाट एकदा बघून घेतली.

“मोकळी आहे,” म्हणाले. “ये.”