हलका आठवडा

नांदुऱ्याच्या धान्यबाजारात हमाली करून तो संध्याकाळी आमच्या जिममध्ये यायचा. तीन आठवडे वजन वाढवत न्यायचा आणि चौथ्या आठवड्यात निम्मंच उचलायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

"काऊन, दम संपला काय?" मी एकदा सगळ्यांसमोर हसलो.

"हा हलका हप्ता हाये, भाऊ. वावरालेही उन्हाळ्यात आराम देतो ना आपण?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी डिवचतच राहिलो. शेवटी त्यानं बारला सगळ्या प्लेटा चढवल्या, बार उचलला आणि कंबर धरून खाली बसला. पुन्हा आला नाही.

परवा बाजारात दिसला. बाकीचे हमाल पोती उचलत होते, तो दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होता. मी नजर चुकवली.

"तू तरी हलका हप्ता घेत जाय बे," तो म्हणाला.